अर्ध्या दमाची शिट्टी

आर्ची टेलफरला उभ्या जन्मात स्वतःचं कुत्रं नव्हतं, आणि आमच्या खोऱ्यात असं एक कुत्रं नव्हतं ज्याला आर्ची ठाऊक नव्हता.

इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बर्लंडमधल्या दगडाच्या खाणीपाशी कामगारांच्या घरांची एक रांग होती. तिच्यात त्याचं घर आणि आमचं घर एकाच भिंतीला टेकलेली. तो तिकडे खोकला की आमच्या कपाटातल्या बश्या वाजतात, असं माझे यजमान म्हणायचे. यजमान गावातल्या औषधांच्या दुकानात होते, मी शाळेच्या स्वयंपाकघरात. पोंक्षे हे आडनाव काही तिथल्या जिभांना वळलं नाही, त्यामुळे मी सगळ्या गावाची मिसेस पी झाले आणि तशीच राहिले.

हिवाळ्यात दर शनिवारी जमीनदाराच्या इस्टेटीच्या रानात शिकार असायची. बंदुकीवाले उताराच्या तळाशी रांगेनं उभे राहायचे. गावातली माणसं वरून काठ्या आपटत, ओरडत रान उठवत खाली यायची, आणि झुडपांतले फेझंट पक्षी फडफडत वर उठायचे. बंदुकांच्या मागे आणखी एक रांग असायची. शिकवलेली कुत्री घेऊन उभी असलेली माणसं. पडलेला पक्षी त्यांचं कुत्रं शोधून आणायचं, न चावता, अलगद हातात द्यायचं. म्हणजे गावात दोन जाती. काठीवाले आणि कुत्रेवाले. काठीवाल्याला बोलावलं तर बोलावलं. कुत्रेवाल्याला वगळून शिकार होत नाही.

आर्ची शाळकरी वयापासून काठीवाला. कुत्र्यांचं वेड मात्र असं, की जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्यांची कुत्री आपल्या मालकांना सोडून त्याच्या पायाशी येऊन बसायची. लोक त्याला चिडवायचे, "आर्ची, लेका, एवढा लळा आहे तर एक आण की घरी!"

"पहाटे खाणीत जाऊन अंधार पडल्यावर घरी येणाऱ्यानं कुत्रं बांधून ठेवणं पाप आहे," एवढंच तो म्हणायचा.

मग खाणीच्या धुळीनं त्याची छाती भरली. आधी जिन्यावर दम लागायला लागला, मग सपाटीवर. शहरातल्या डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि मर्टलला, म्हणजे त्याच्या बायकोला, बाजूला बोलावून काय ते सांगितलं. आर्चीला वेगळं सांगावं लागलं नाही. खाणीतली माणसं एकमेकांचा खोकला ओळखतात. तो काम सोडून घरी बसला आणि त्याच आठवड्यात म्हणाला, "मर्टल, कुत्रं आणायचं."

मर्टल हे मला आमच्या परसातल्या भिंतीवर कोपरं टेकून सांगत होती. "आयुष्यभर नको म्हणाला. आता श्वास घ्यायला दम नाही तर म्हणतो कुत्रं! मी म्हटलं, अरे, आत्ता का? तर म्हणतो, आत्ता वेळच वेळ आहे." ती हसायला गेली आणि तोंडावर ॲप्रन धरून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तोच भिंतीशी आला. बोलायचं म्हटलं की आधी उभं राहून दम गोळा करायचा, मग एक वाक्य, मग परत दम.

"मिसेस पी, काठीवाल्याला लोक विसरतात. वाईट नाहीत लोक. पण विसरतात. मी गेलो की दोन हिवाळ्यांत मर्टलचं घर हे नुसतं रस्त्यावरचं एक घर होईल." त्यानं भिंतीवरचं शेवाळ नखानं खरवडलं. "दारात चांगलं कुत्रं असलं ना, की इस्टेटीचा हेपल स्वतः येतो. शनिवारी या म्हणतो. मला माझ्या पोरीला, कर्स्टीला, त्या रांगेत उभं करून जायचंय."

"आणि धाकट्याला?"

"डेव्हीला गळ्यात पडायला काहीतरी लागेल. मर्टल एकटी किती जणांना पुरेल?"

म्हणजे कुत्रं दोन कामांचं हवं होतं. बंदुकीपाशी न बिचकणारं आणि पोरानं शेपटी ओढली तरी न गुरगुरणारं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात हे बोलले तेव्हा जिला तिला मत होतं. एक म्हणाली, कामाचं कुत्रं घरात घेतलं की बिघडतं. दुसरी म्हणाली, तिच्या सासऱ्याचं बिघडलं नव्हतं, सासराच बिघडला होता. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि मला नव्हतंही.

हेपल म्हणजे इस्टेटीच्या रानाचा राखणदार. तिथे त्याला कीपर म्हणतात. बोलायला तिरसट, पण त्याच्या कुत्र्यांच्या घराण्याला दूरदूरहून मागणी. त्याची काळी लॅब्रडॉर कुत्री व्याली होती. पिल्लं आईपासून तोडण्याजोगी झाली तेव्हा आर्ची दोन्ही पोरांना घेऊन निघाला. मर्टल येईना, म्हणून गाडीत मागे मी. कर्स्टी अकरा वर्षांची, लांब हातापायांची, बापासारखीच हट्टी. डेव्ही शाळेत नुकता जाऊ लागलेला.

हेपलच्या अंगणात पोचेपर्यंतच आर्चीचा दम संपला. तो दाण्याच्या पोत्यावर बसला.

"आधी आई दाखव," तो म्हणाला.

"आई तुला काय दाखवू? तिला तू माझ्याआधी ओळखतोस."

"पोरांना दाखव. अनोळखी पोरांना ती काय करते ते बघायचंय."

आई आली, डेव्हीचं नाक चाटलं, कर्स्टीच्या खिशात तोंड घातलं आणि आर्चीच्या बुटावर हनुवटी टेकून पडली. मग हेपलनं पिल्लं सोडली. एकच गोंधळ! एक दांडगोबा डेव्हीच्या बुटाच्या नाडीला लटकला आणि गुरगुरायला लागला. कर्स्टी गवतावर मांडी घालून बसली होती. एक पिवळसर पिल्लू तिच्या मांडीत चढलं, गोल झालं आणि झोपलं. कर्स्टीनं वर बघितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सगळं ठरलेलं होतं.

"बाबा, ही."

आर्चीनं मान हलवली नाही. त्यानं हेपलला डोळ्यांनी खूण केली, आणि हेपलनं पत्र्याच्या डब्याचं झाकण फरशीवर टाकलं. खणकन! अर्धी पिल्लं पेंढ्यात घुसली. दांडगोबानं ढुंकूनही पाहिलं नाही. पिवळं पिल्लू कर्स्टीच्या कोटाच्या आत शिरून थरथरायला लागलं. पिल्लांतली एक काळी कुत्री मात्र दचकून मागे उडाली, थांबली, मग एकेक पाय मोजत त्या झाकणाशी आली आणि वास घेऊन बघायला लागली.

"दचकत नाही ते मूर्ख, पळून जातं ते कामाचं नाही," हेपल म्हणाला. "दचकून परत येतं ते घ्यावं."

तेवढ्यात त्या काळीनं डेव्हीचा पडलेला हातमोजा उचलला. डेव्ही धावला आणि मोज्याचं दुसरं टोक धरायला गेला.

"ओढू नकोस!" आर्ची एवढ्या जोरानं ओरडला की त्याला खोकल्याची उबळच आली. ती सरेपर्यंत डेव्ही हात मागे घेऊन उभा. मग तो हळू म्हणाला, "पिल्लाशी ओढाओढी खेळायची नाही, बाळा. त्याला वाटतं तोंडातली वस्तू घट्ट धरायची असते. मग पुढे पक्ष्याचा चोथा करून आणतं."

काळीनं मोजा कुणाला द्यावा हे क्षणभर बघितलं आणि पोत्यावर बसलेल्या आर्चीच्या तळहातावर ठेवला. त्यानं मोजा उलटसुलट केला. दाताची खूणसुद्धा नव्हती.

"हीच," तो म्हणाला.

गाडीत कर्स्टी खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही म्हणाला होता, कुत्रं आमच्यासाठी आहे."

"तुमच्यासाठीच आहे, राणी."

"मग आम्हाला आवडलेलं का नाही?"

"मांडीत झोपणारं कुत्रं मांडीतच राहतं," तो म्हणाला. याहून जास्त त्याला सांगायचं नव्हतं, आणि जे सांगायचं नव्हतं तेच खरं कारण होतं.

पिल्लाचं नाव त्यानं व्हिन ठेवलं. त्यांच्या खाणीतला तो काळा कठीण दगड, त्याला तिकडे व्हिन म्हणतात. मर्टल संतापली. "ज्या दगडानं तुझी छाती खाल्ली त्याचं नाव?"

"त्यानंच पोट भरलं," आर्ची म्हणाला.

त्यानं एकाच नंबरच्या दोन शिट्ट्या आणल्या. कुत्र्यांच्या शिट्ट्यांवर नंबर कोरलेला असतो. नंबर सारखा तर सूर सारखा. एक हरवली तरी कुत्र्याला दुसरी ओळखू येते. एक त्यानं गळ्यात घातली आणि दुसरी कर्स्टीच्या हातात दिली. "ही तुझी. पण अजून वाजवायची नाही."

"का?"

"कुत्रं तयार होईस्तो त्याला एकच हात लागतो. दोन हात लागले की त्याचा गोंधळ होतो. पुढच्या हिवाळ्याआधी तुझ्या हातात देतो, तयार करून."

हा त्यांच्या खोऱ्यातला नियम. हेपलही तेच सांगायचा, हेपलचा बापही तेच सांगत असे. कर्स्टीनं शिट्टी टेबलाच्या खणात टाकली आणि खण जोरात लावला. "म्हणजे कुत्रं तुमचंच आहे," ती म्हणाली.

आणि आर्चीनं सगळा विचार केला होता. व्हिनला तो आवाजानं काही शिकवायचा नाही. "माझा आवाज तिला कशाला लावू?" तो मला म्हणाला. "आवाज माझ्याबरोबर जाईल. शिट्टी राहील." आमच्या मागच्या कुरणात दगडी बांधाला खिंड पडलेली होती. तिथल्या एका सपाट दगडावर तो बसायचा, कारण उभं राहून शिट्टी फुंकणं त्याला जमत नसे. कर्स्टी लांब जाऊन किंतानाचा भरलेला खोटा पक्षी फेकायची. व्हिन सुटायची. मग शिट्टी.

थांबायची शिट्टी म्हणजे खरं तर एक लांब, सरळ फुंक. आर्चीची यायची दोन तुकड्यांत. आधी एक छोटी फुंक, ती मध्येच मोडायची. मग श्वास आत ओढल्याचा घर्रर्र आवाज. मग उरलेली फुंक, विझत जाणारी. भांडी घासताना मला ती खिडकीतून ऐकू यायची. मी इतक्यांदा ऐकली, की शिट्टी अशीच असते असं मला वाटायला लागलं. व्हिनलाही तसंच वाटलं असणार.

फार गुणी निघाली ती. घरात चुलीपुढे डेव्ही तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचा, आणि कुरणात तीच कुत्री दगडासारखी बसून राहायची. एकच खोड, दिसेल ते उचलून आणायची. माझ्या दोरीवरचे चिमटे, फडकी, एकदा यजमानांचा लोकरी मोजा. त्यावर रागावायचं नाही, हाही नियम. आणल्याबद्दल कुत्र्याला मारलं तर ते पुन्हा काही आणत नाही. मग आर्ची मोजा घेऊन आमच्या दारात उभा राहायचा, गंभीर चेहऱ्यानं. "मिसेस पी, माझ्या कुत्रीनं तुमच्या घरातलं एक सावज मारून आणलंय. अजून गरम आहे."

असाच एका गुरुवारी तो आत आला. देवापुढे दिवा होता. वरच्या दत्ताच्या तसबिरीकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"चार कुत्री," तो म्हणाला. "दोरी एकालाही नाही. तुमच्या या देवाची शिट्टी कितव्या नंबरची?"

"त्यांना शिट्टी लागत नाही. आपली मागे मागे चालतात. ती कुत्री म्हणजे चार वेद आहेत, आमचे ग्रंथ."

"तरीच," तो म्हणाला. "शिकलेली दिसतातच." मग थोडा दम घेऊन म्हणाला, "आणि देव पुढे निघून गेला तर? वास काढत जात असतील?"

त्याच्या हातावर मी प्रसादाची साखर ठेवली. त्यानं अर्धी खाल्ली आणि अर्धी खाली बसलेल्या व्हिनला दिली.

पुढच्या उन्हाळ्याच्या शेवटी व्हिन तयार झाली. हेपल येऊन बघून गेला. लांबून बंदुकीचे बार काढून पाहिले, कुत्री दचकली नाही. "नोव्हेंबरात पहिल्या शनिवारी घेऊन ये," तो आर्चीला म्हणाला.

"मी नाही. कर्स्टी आणेल."

हेपलनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "कुणीही आणा. कुत्री ठीक आहे."

आर्चीनं ठरवलं होतं की सप्टेंबरात कर्स्टीला रोज कुरणात न्यायचं आणि कुत्री तिच्या हाती द्यायची. सप्टेंबराच्या पहिल्याच आठवड्यात तो जो अंथरुणाला खिळला तो उठला नाही. दुपारची वेळ होती. मर्टल त्याला चहा पाजत होती. पेला तिनं खाली ठेवला आणि वर बघितलं तेवढ्यात तो गेला. मी भिंतीपलीकडे कणीक मळत होते. खोकला थांबला, म्हणून मला कळलं.

दफनाच्या दिवशी सगळे काठीवाले आणि सगळे कुत्रेवाले आले. व्हिन आमच्या घरात ठेवली होती. ती दत्ताच्या कोनाड्याखाली पडून होती, नाक दाराच्या फटीशी. मी समईत तेल घातलं. ज्याला आमची प्रार्थना माहीत नव्हती त्या आर्चीसाठी मी ती केली. देवाला भाषा चालतात सगळ्या.

काही दिवसांनी कर्स्टीनं खण उघडून आपली शिट्टी काढली. व्हिनला घेऊन कुरणात गेली. खोटा पक्षी फेकला. व्हिन सुटली. कर्स्टीनं शिट्टी फुंकली, खणखणीत, लांब, एका दमाची. व्हिन थांबली नाही. पुन्हा फुंकली. व्हिननं कानसुद्धा हलवला नाही. पक्षी उचलला आणि थेट बांधाच्या खिंडीतल्या त्या सपाट दगडाकडे गेली. रिकाम्या दगडावर तो ठेवला आणि समोर बसून राहिली.

रोज हेच. हेपल येऊन गेला, त्यानं फुंकून पाहिलं. तेच. "नंबर तर बरोबर आहे," तो शिट्टी उन्हात धरून म्हणाला. "पण तिला वाटतंय, दुसऱ्या कुणाची तरी शिट्टी आहे. रांगेत दहा जण फुंकत असतात. दुसऱ्याची शिट्टी ऐकायची नाही, हे चांगल्या कुत्र्याला शिकवलेलं असतं. आर्चीनं चांगलंच शिकवलंय."

"मग?" मर्टलनं विचारलं.

"शनिवारी आण म्हणालो होतो, ते मोडत नाही मी. पण थांब म्हटल्यावर न थांबणारं कुत्रं मला रांगेत ठेवता येणार नाही. बंदुकांपुढे धावलं तर मरेल. त्या दिवशी नाही थांबली, तर मग तिला घरीच ठेवा. चुलीपुढे. पोरांना लळा आहेच."

"बाबांनी तिला चुलीपुढे झोपायला नव्हतं आणलं," कर्स्टी म्हणाली. तोवर मर्टलनं तिला सगळं सांगितलं होतं, हेच पिल्लू का, ही घाई का. तेव्हापासून पोर रडली नव्हती. नुसती रोज कुरणात जायची.

ऑक्टोबर सरत आला होता. मर्टल पावासाठी पीठ मळत होती, मी सोबत म्हणून बसले होते. अचानक परसातून ती शिट्टी आली. मोडकी फुंक, घर्रर्र, मग विझती फुंक. मर्टलच्या हातातून पिठाचा गोळा खाली पडला. "आर्ची..." असं म्हणत, पिठाचे हात तसेच घेऊन ती धावली. मीही मागे.

परसात उलट्या बादलीवर डेव्ही बसला होता. गळ्यात बापाची शिट्टी. तो बाबा-बाबा खेळत होता. फुंकायचा, छातीवर हात धरून घर्रर्र करायचा, परत फुंकायचा. आणि त्याच्या समोर, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, व्हिन दगडासारखी बसली होती. नजर त्याच्यावर, कान टवकारलेले.

मर्टलनं शिट्टी त्याच्या गळ्यातून ओढून काढली. "बापाच्या खोकल्याची नक्कल करतोस? लाज नाही वाटत?"

"मी नक्कल नाही करत," डेव्ही रडत म्हणाला. "व्हिनला तेच समजतं."

दारात कर्स्टी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिला कळलं, आम्हा सगळ्यांनाच कळलं. आर्चीनं नंबराचा विचार केला होता, आवाजाचा केला होता, कुत्रीच्या आईचा केला होता. आपल्या दमाचा त्यानं विचार केला नव्हता. व्हिनला ठाऊक असलेली शिट्टी म्हणजे मरायला टेकलेल्या माणसाची फुंक होती. ती शिट्टीवर कोरलेली नसते.

"मग तसंच फुंक, राणी," मी म्हटलं.

"नाही." कर्स्टीचे ओठ पांढरे पडले होते. "मी बाबांचं मरण फुंकणार नाही. ती माझी शिट्टी शिकेल."

पण शिकायला आता दिवस उरले नव्हते.

नोव्हेंबरातला पहिला शनिवार. शिकारीच्या दिवशी दुपारचं जेवण उतारावरच्या दगडी कोठारात असे. मोठ्या पातेल्यात मटणाचा आणि जवाचा रस्सा, बाजूला पाव. वाढायला गावातल्या बायका. त्या दिवशी मर्टल आणि मी होतो. मर्टल आली यातच सगळं आलं. ती पातेल्याकडे तोंड करून, दाराकडे पाठ करून उभी होती. मी पाव कापत होते, मला दारातून उतार दिसत होता.

जेवणाआधीचा शेवटचा हाका चालू होता. वरून काठ्यांचे आवाज खाली आले, पक्षी उठले, बार झाले. मग शांतता, आणि मग कुत्रेवाल्यांचं काम. रांगेच्या टोकाला बापाच्या कोटात कर्स्टी उभी होती. कोट तिच्या गुडघ्यांखाली येत होता. शेजारी व्हिन, आणि जरा मागे हेपल.

खालच्या बांधाजवळ एक पक्षी पडला होता. कर्स्टीनं हात पुढे केला आणि व्हिन सुटली. पण मध्येच डावीकडून दुसरा, जखमी पक्षी धावला, आणि व्हिन तिकडे वळली. त्या बाजूला बंदुकीवाले अजून उभे होते.

कर्स्टीनं शिट्टी फुंकली. लांब, सरळ, पूर्ण दमाची. व्हिन धावतच राहिली.

पुन्हा फुंकली. दऱ्याखोऱ्यांत घुमली ती. व्हिन धावतेच आहे. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. हेपल एक पाऊल पुढे आला.

आणि कर्स्टी खाली कोसळली. मला वाटलं, पोर पडली. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. पण पडली नव्हती. ती त्या ओल्या गवतात बसली होती, पाठीत वाकून, एक हात छातीवर धरून, बाप जसा दगडावर बसायचा तशी.

मोडकी फुंक. मग श्वास आत ओढल्याचा तो आवाज, एवढ्या लांबून तो ऐकू आला असेल की मला आठवला, सांगता येत नाही. मग दुसरी फुंक, हळूहळू विझत गेलेली.

व्हिन जागच्या जागी बसली. तिनं मान वळवून उताराकडे पाहिलं. कर्स्टीकडे नाही, तिच्या मागे, आजूबाजूला, सगळीकडे पाहिलं. शोधत होती. कर्स्टीनं हातानं खालचा बांध दाखवला. व्हिन क्षणभर बसून राहिली. मग उठली, बांधाशी गेली, पक्षी उचलला आणि चालत, धावत नाही, चालत वर आली. कर्स्टी बसलेलीच होती. व्हिननं पक्षी तिच्या ओंजळीत ठेवला, आणि मग तिच्या कोटात नाक खुपसलं. बाहीत, खिशात, गळ्यापाशी. कर्स्टीनं तिला आवरलं नाही.

हेपल एक पाऊल मागे सरकला.

माझ्या मागे मर्टलचा डाव पातेल्याच्या कडेला लागला. ती वळली नव्हती. रस्सा ढवळत, अगदी रोजच्या आवाजात ती म्हणाली, "आर्ची आला. त्याचा वाडगा भरा, मिसेस पी. त्याला उभं राहवत नाही फार वेळ."

म्हणाली, आणि तिचं तिलाच ऐकू आलं. डाव थांबला. तिथे आणखी दोन बायका होत्या, त्यांनी पावाकडे माना घातल्या. मी काय करणार होते? मी वाडगा घेतला. मर्टलनंच तो भरला, काठोकाठ. मग टेबलाच्या टोकाला, जिथे तो इतकी वर्षं बसायचा, तिथे नेऊन ठेवला.

माणसं आत यायला लागली, हात चोळत, बूट झाडत. त्या वाडग्यापाशी कुणी बसलं नाही. हेपल सगळ्यांच्या मागून आला. त्याच्या मागे कर्स्टी, गुडघ्यांपर्यंत ओली, आणि तिच्या टाचेशी व्हिन. हेपलनं पाव उचलला आणि कर्स्टीकडे न बघता म्हणाला, "पुढच्या शनिवारी लवकर ये. त्याच जागेवर तुला उभं करतो." मग खाकरून म्हणाला, "आणि बसायला काहीतरी आण. गवत ओलं असतं."

कर्स्टीनं टेबलाकडे पाहिलं, मग आईकडे. मर्टलनं मानेनंच जागा दाखवली. ती बापाच्या जागेवर बसली. व्हिन टेबलाखाली शिरली आणि कर्स्टीच्या बुटावर हनुवटी टेकून पडली. पोरीनं दोन्ही हातांनी वाडगा उचलला, तोंडाशी नेला आणि थांबली.

"निवलाय," ती म्हणाली. आता तिला रडू फुटलं.

"तसाच पिऊन टाक," मर्टल म्हणाली.